जिऱ्यावरच्या दोन हजार दुरुस्त्या

जिल्हा वाचनालय संघाचं पत्र आलं तेव्हा अच्युत वारियर ओट्यावर बसून कट्टन, म्हणजे बिनदुधाचा चहा पीत होते. पत्रात त्यांना 'निःपक्ष मोजणी अधिकारी' असं म्हटलं होतं. निवृत्तीला सहा वर्षं झाल्यावर आपल्याला पुन्हा कुणी अधिकारी म्हटलेलं पाहून त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं, कारण त्यांची बायको अम्मिणी आत स्वयंपाकघरात नारळ खवत होती आणि तिच्या कानावर हे जाणं गरजेचं होतं.

काम तसं किरकोळ होतं. नदीच्या या काठाला आट्टिन्करा, त्या काठाला चेम्पाड. दोन्ही गावांच्या वाचनालयांनी आपापलं विकी चालवलं होतं, म्हणजे अशी वेबसाइट, जिच्यात गावातल्या कुणीही लिहावं आणि कुणीही कुणाचंही लिहिलेलं दुरुस्त करावं. दोन्ही विकी आजवर ज्या जुन्या यंत्रावर नांदत होती ते यंत्र भंगारात निघालं होतं. तालुक्याच्या एका कॉलेजने आपल्या यंत्रावर जागा देऊ केली, पण एकालाच. जे मोठं आणि लोकप्रिय असेल ते राहील, दुसरं बंद. मोठं कोणतं आणि लोकप्रिय कोणतं, हे वारियरांनी मोजून सांगायचं.

वारियरच का, याचंही कारण पत्रात दिलं होतं. त्यांचा जन्म आट्टिन्कराचा आणि सासुरवाडी चेम्पाडची. निकाल काहीही लागला तरी दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर सारखेच चिडतील, असा संघाचा हिशोब असावा. पत्रात अर्थात 'दोन्ही काठांचा विश्वास' असे शब्द होते.

एकतीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढलेल्या माणसाला यात अवघड ते काय? सरकारसाठी वारियरांनी नारळाची झाडं मोजली होती, विहिरी मोजल्या होत्या, एका वर्षी तर बदकं मोजली होती, आणि बदकं एका जागी उभी राहत नाहीत. विकीची पानं निदान पळत नव्हती. त्यांनी नवी वही काढली, रेघा मारल्या आणि न्याहारीचं पुट्टु थंड व्हायच्या आत पहिला आकडा लिहिला. आट्टिन्करा: चार हजार एकशे सत्त्याऐंशी पानं. चेम्पाड: सहाशे चाळीस.

वहीत लिहून ते गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण घाटावरच्या चहाच्या दुकानात कुणी तरी सहज विचारलं आणि त्यांनीही सहज सांगितलं. दुपारपर्यंत आट्टिन्कराच्या वाचनालयावर झेंडा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानं उघडून बघायला सुरुवात केली. पहिलं पान असं होतं: 'खांब क्रमांक ३१२. हा खांब सिमेंटचा आहे. पुढे पाहा: खांब क्रमांक ३१३.' ते पुढे पाहू लागले. ३१३ हाही सिमेंटचा होता. ३१४ लोखंडी निघाला तेव्हा वारियरांना चक्क आनंद झाला, इतकी त्यांची अवस्था झाली होती. संध्याकाळपर्यंत हिशोब लागला. विजेच्या खांबांची पानं तीन हजार चारशे सहा, आणि सगळी एकाच माणसाच्या हातची. तो माणूस म्हणजे वीजमंडळातून निवृत्त झालेले लाइन सुपरवायझर चात्तुण्णि.

वारियर चात्तुण्णिंच्या घरी गेले आणि शक्य तितक्या नाजूकपणे म्हणाले की खांब हा तसा पाहिला तर पान नव्हे. चात्तुण्णिंना ते लागलं. मागच्या वादळात तारा तुटल्या तेव्हा नवीन आलेल्या वायरमनना खांब याच पानांवरून सापडले होते, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "सार, तुमचे नारळाचे अहवाल कोण वाचत होतं?"

या प्रश्नाचं उत्तर वारियरांकडे होतं, पण ते चार माणसांत देण्यासारखं नव्हतं. त्यांनी एकतीस वर्षांत बावीस अहवाल लिहिले. निवृत्तीच्या दिवशी निरोप घ्यायला ते खात्याच्या ग्रंथालयात गेले तर बावीसही अहवालांच्या चिकटलेल्या पानांच्या कडा कुणी कापलेल्याच नव्हत्या. छापखान्यातून जसे आले तसे ते फळीवर झोपले होते. हे त्यांनी अम्मिणीलाही सांगितलेलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिलं, 'खांबांचा प्रश्न: नंतर.'

आता पानं मोजण्यात अर्थ नाही हे दोन्ही काठांना कळलं, आणि सल्ल्यांना तोंड फुटलं. चहावाला म्हणाला, दोन्ही छापून घ्या आणि खोबऱ्याच्या वखारीतल्या काट्यावर घाला, जे जड ते मोठं. निवृत्त पोस्टमास्तरांचं मत पडलं की शब्द मोजावेत. शब्दांचं वारियरांना पटलं. मात्र मल्याळम भाषेत शब्दाला शब्द जोडत बोलणारा एकदा सुरू झाला की दम लागेपर्यंत शब्द संपत नाही, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. चेम्पाडच्या एका जुन्या वळणाच्या पंडिताने देवळाच्या उत्सवाबद्दल लिहिलेली आठ ओळींची माहिती यंत्राने अकरा शब्दांची ठरवली. चेम्पाडहून लेखी तक्रार आली की आमच्याकडे शुद्ध भाषा लिहितात म्हणून आम्हाला शिक्षा का. वारियर अक्षरांवर आले. ही बातमी फुटली त्याच दिवशी आट्टिन्कराच्या एका गृहस्थाने आपल्या जावयाची सात पिढ्यांची वंशावळ विकीवर चढवली, मागच्या लग्नाच्या आमंत्रितांसकट.

राहिली लोकप्रियता. यंत्र रोज किती जण पानं उघडतात ते सांगत होतं. आट्टिन्कराला दिवसाला ऐंशी भेटी, चेम्पाडला सत्तेचाळीस. वारियरांनी खोलात जाऊन पाहिलं. ऐंशीपैकी एकसष्ट भेटी माणसांच्या नव्हत्याच. जगभरच्या शोधयंत्रांची यंत्रं येऊन पानं चाळून जात होती. उरलेल्यांतल्या अकरा चात्तुण्णिंच्या होत्या, आपले खांब जागेवर आहेत ना ते बघायला. पाच स्वतः वारियरांच्या. म्हणजे सबंध आट्टिन्करातून तीन माणसं. हा आकडा त्यांनी पेन्सिलीने लिहिला.

पण तोवर पंचायतीच्या सदस्याने उत्सवाच्या कर्ण्यावरून जाहीर केलं होतं की गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, प्रत्येकाने आंघोळ झाल्यावर रोज दहा पानं उघडावीत. चेम्पाडनेही मागे राहू नये म्हणून मशिदीच्या आणि देवळाच्या समित्यांची एकत्र बैठक घेतली, जी याआधी कुठल्याही विषयावर झालेली नव्हती. भेटी ऐंशीवरून एकोणीस हजारांवर गेल्या, आणि ते म्हातारं यंत्र बसलं. दोन दिवस दोन्ही विकी बंद. त्या दोन दिवसांसमोर वारियरांनी लिहिलं, 'अतिलोकप्रियतेमुळे कुणालाही काही दिसू शकलं नाही.' मग हा शेरा सरकारी कागदात शोभेल का याचा विचार करत बसले. अम्मिणीने विचारलं की एवढं मोजून लागलं काय हाती. त्यांनी सांगितलं की पद्धत विकसित होते आहे. तिने कंजीचं, म्हणजे भाताच्या पेजेचं वाडगं जरा आवाज करून ठेवलं.

अखेर त्यांना एक मार्ग सापडला. विकी जिवंत आहे की नाही हे त्याच्या पानांवर माणसं किती हात फिरवतात त्यावरून कळावं. प्रत्येक पानाला आजवर किती दुरुस्त्या झाल्या हे यंत्र सांगू शकत होतं. खांबांच्या पानाला एक, वंशावळीला एक. या मापाने चेम्पाडचं विकी आट्टिन्कराच्या कितीतरी पुढे गेलं आणि वारियरांना संशय आला. तपासलं तर सगळी वाढ एकाच पानामुळे. कोवळ्या फणसाच्या भाजीची कृती, दोन हजार तीनशे सोळा दुरुस्त्या. अकरा वर्षं एक जण भाजीतून जिरं काढत होता आणि दुसरा ते परत घालत होता. काढणाऱ्याने 'गणितमाष', म्हणजे गणिताचा मास्तर, असं नाव घेतलं होतं, घालणाऱ्याने 'चेम्पाडकार'.

इतका उघड फुगवटा वारियरांनी बदकांच्या मोजणीतही पाहिला नव्हता. ते होडीने चेम्पाडला गेले. तिथलं विकी आयिषा टीचर सांभाळत, शाळेतून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी चहा आणि केळ्याचे वेफर पुढे ठेवले. वारियरांनी सांगितलं की मोजणी न्याय्य व्हायची तर हे पान पंधरा दिवस कुलुपात ठेवायला हवं, म्हणजे कुणालाही त्यात बदल करता येणार नाही.

"सार, त्या पानाला तेवढा हात लावू नका," टीचर म्हणाल्या.

"का?"

"आधी वाचा. प्रत्येक बदलाखाली त्यांनी कारण लिहिलंय."

वारियर म्हणाले की मोजणी अधिकाऱ्याने मजकुरात शिरायचं नसतं, त्याने पक्षपात होतो. खात्यात हे वाक्य त्यांनी पुष्कळांना ऐकवलं होतं आणि ते दर वेळी उपयोगी पडलं होतं. टीचरनी वेफरांची बशी बाजूला सारली आणि पान कुलूपबंद केलं. त्या दिवशी त्यावर जिरं नव्हतं. गणितमाषाने सकाळीच काढलं होतं.

सहाव्या दिवशी अहवालाची तळटीप लिहायची वेळ आली. हे पान का वगळलं, तर निरर्थक बदलांमुळे, एवढं लिहून उदाहरणादाखल चार बदल द्यावेत म्हणून वारियरांनी त्या पानाचा इतिहास उघडला. जेवण झाल्यावर बसले ते ऊन उतरेपर्यंत उठले नाहीत.

सुरुवातीचे बदल तोडून टाकल्यासारखे होते. 'आईने यात कधीही जिरं घातलं नाही. काढलं.' 'घालायची. चुलीसमोर मी बसायचो. परत घातलं.' 'तू चुलीसमोर बसायचास कारण शाळेत जायचा कंटाळा. काढलं.' पुढे पुढे वाक्यं वाढत गेली. 'माझी शनिवारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. आठ दिवस लिहिता येणार नाही. तोवर जिरं काढू नये.' त्यानंतरचे आठ दिवस रिकामे होते. नवव्या दिवशी: 'डोळा कसा आहे कळवावं. काढलं.' लगेच खाली: 'दिसतंय. तू काढलंस हे दिसलं. घातलं.' एका पावसाळ्यात: 'तुमच्या बाजूला पाणी किती चढलं? काढलं.' 'पायरीपर्यंत. घातलं.' आणि एका ओणमला, काहीच कारण नसताना: 'आई गेली तेव्हा माझी बस वाटेत बंद पडली होती. जिरं काढलं.' या बदलाखाली उत्तर यायला सतरा दिवस लागले होते. 'मला कुणी सांगितलं नाही. घातलं.'

अम्मिणी चहा घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहून म्हणाली की हे शंकुण्णि माष आणि त्यांचा धाकटा परमेश्वरन. माष या काठाला, परमेश्वरन त्या काठाला. आईच्या अंत्यविधीला थोरल्यासाठी थांबले नाहीत, तेव्हापासून एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. हे तिला कसं माहीत असं वारियरांनी विचारलं. तिने सांगितलं की दोन्ही काठांवर सगळ्यांनाच माहीत आहे. घाटावर वाट बघणाऱ्या बायका आज जिरं आहे का नाही ते मोबाइलवर बघून घेतात, त्यावरून दोघांची तब्येत कळते. वारियरांच्या मोजणीत या बायका कुठेच आल्या नव्हत्या. त्या सगळ्या एकाच फोनवर बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या होडीने ते निघाले. कुलूप काढायला लावायचं एवढंच डोक्यात होतं. होडीत त्यांच्याआधी एक जण बसला होता. नेसायला इस्त्रीचं मुंडु, मांडीवर छत्री, एकोणऐंशी वर्षांचे शंकुण्णि माष. गणिताचा हा मास्तर गावात कुणाशी कामाखेरीज बोलत नसे. होडी मध्यावर आली तेव्हा माषांनी घसा साफ केला.

"वारियर सार, तुमचं हल्ली तिकडे जाणंयेणं असतं. चेम्पाडात गेल्या आठ दिवसांत कुणी..." ते थांबले. "कुणी वारलं का?"

कुलुपाची सूचना फक्त बदल करू पाहणाऱ्यालाच दिसत होती. माषांना बदल करायचाच नव्हता, जिरं त्यांनीच काढलेलं होतं. ते रोज सकाळी आंघोळ करून पान उघडत होते आणि जिरं परत आलेलं नव्हतं. त्या ओणमचे सतरा दिवस सोडले तर अकरा वर्षांत न कळवता जिरं इतकं लांबलं नव्हतं, आणि हे सात दिवस झाले होते. वारियरांनी खुलासा करायला तोंड उघडलं. यंत्र, पद्धत, न्याय्य मोजणी असे शब्द त्यांनी मनात जुळवले, आणि होडी काठाला लागली तरी ते तसेच जुळवत होते.

काठावर एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. हा परमेश्वरन. सूचना त्याला दिसली होती. गेले सात दिवस तो रोज सकाळी जिरं घालत होता आणि यंत्र रोज सांगत होतं की हे पान बंद आहे. थोरल्याने वरती कुणाकडे तरी वशिला लावून आपलं तोंड बंद केलं, याबद्दल त्याची खात्री पटली होती. म्हणून आट्टिन्कराला जाऊन एकदा काय ते तोंडावर बोलायचं ठरवून तो याच होडीची वाट पाहत होता.

"पान बंद करवलंस," तो म्हणाला.

माष होडीतून उतरले नाहीत. तिथेच फळीवर बसून त्याच्याकडे पाहत राहिले.

"तू आहेस," ते म्हणाले.

"म्हणजे? नसायला हवा होतो?"

"सात दिवस जिरं आलं नाही."

परमेश्वरनने थोरल्याचं इस्त्रीचं मुंडु पाहिलं, छत्री पाहिली, पायांतल्या नव्या चपला पाहिल्या. माणूस कुठे जाताना असे कपडे घालतो हे त्याला कळलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने पाण्यात दोन पावलं टाकून हात पुढे केला. "एट्टा, उतर. फळी निसरडी आहे," थोरल्याला दादा अशी हाक मारत तो म्हणाला. माष उतरले. मागे होडीत पान बंद करणारा बसला होता, आणि त्याने हे मोठ्याने कबूल केलं. दोघा भावांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की कागदपत्रांच्या आडोशाला राहून काढलेली एकतीस वर्षं वारियरांना त्या एका क्षणात महाग पडली. ते दोघं चढ चढून निघून गेले. वारियर मागे राहिले, आणि चपला हातात घेऊन आयिषा टीचरच्या घराकडे चालू लागले.

टीचरनी कुलूप काढलं. झालं ते झालं म्हणायचं सोडून त्यांनी एवढंच विचारलं की सार, अजून चहा घेणार का. वारियर नको म्हणाले.

नियमाप्रमाणे वारियरांनी नव्याने पंधरा दिवस मोजणी केली, या वेळी कशालाही हात न लावता. फणसाच्या पानावर पंधरा दिवसांत कुणीही काहीही केलं नाही. जिरं घालणारा मोकळा होता, पान उघडं होतं, तरी ते बिनजिऱ्याचंच राहिलं. कारण न समजता आकडा लिहिणं त्यांना आता जमेना. ते एका गुरुवारी परमेश्वरनच्या घरी गेले. ओट्यावर माष पान खात बसले होते आणि धाकट्याची जमीन कशी चुकीची मोजली गेली ते त्याला समजावत होते. दोघांचे आवाज चढलेले होते. वारियरांनी परमेश्वरनला बाजूला घेऊन हळूच विचारलं.

"तो आता दर गुरुवारी इथे जेवतो," परमेश्वरन म्हणाला. "भाजीत मी जिरं घालतोच. खातो गपचूप. पानावर त्याचं राहू दे, सार."

सभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. नव्या मापाने चेम्पाडचं विकी सपशेल मागे पडलं होतं. त्याचा सगळा जिवंतपणा त्या एका पानात होता आणि तो आता दर गुरुवारी ओट्यावर बसून भांडत होता. निकाल आट्टिन्कराकडे झुकला तेव्हा चात्तुण्णि उठले. नदीकाठी झालेली हकिकत त्यांच्याही कानावर गेलेली होती. ते म्हणाले की आपले सगळे खांब त्यांनी सकाळीच एका पानावर एका यादीत बसवले आहेत, तेव्हा आट्टिन्कराची पानं आता सातशे ब्याऐंशी धरावीत. बोलून ते खाली बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे एक खांब होता.

सातशे ब्याऐंशी आणि सहाशे चाळीस यांत मोठं कोणतं हे छातीवर हात ठेवून सांगायला कुणी तयार होईना. कॉलेजच्या कारकुनाने अडचण काढली की अर्जात वेबसाइटच्या नावासाठी एकच ओळ आहे. आयिषा टीचरनी अर्ज मागून घेतला आणि त्या एका ओळीत बारीक अक्षरात दोन्ही नावं लिहिली. याविरुद्ध नियम आहे का ते कारकुनाने शोधून पाहिलं. सापडला नाही.

इतिवृत्तासाठी म्हणून सरतेशेवटी वारियरांचा तक्ता वाचण्यात आला. संघाचे सचिव एका ओळीवर अडखळले. चष्मा वर करून ते म्हणाले की फणसाच्या भाजीच्या पानापुढे बदलांच्या रकान्यात शून्य आहे. आधी इतके बदल असताना शून्य कसं? ही लिहिण्यातली चूक समजायची का?

तिसऱ्या रांगेत एकाच बाकावर दोन म्हातारे बसले होते आणि पंख्याचा वेग कमी करावा की वाढवावा यावर कुजबुजत वाद घालत होते.

वारियर उभे राहिले. "चूक नाही," ते म्हणाले. "मी स्वतः जाऊन तपासलंय."